पडल्यावर आपला, जगताना परका?

(पेडणे-डिचोलीतील सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी आम्ही विषय कळविला तेव्हा कार्यकारिणीतील दोघा-तिघांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘मराठीच्या मेळाव्यात ज्यू सैनिकाचे स्मरण कशाला? आपले हुतात्मे काय थोडे आहेत?’ प्रश्न रास्त आहे. तो मनात ठेवूनच ऐकावे. उत्तर शेवटी मिळाले नाही तर आमचे चुकले असे समजून चहाला चलावे.

हरमलचा किनारा आपल्या पेडणे तालुक्यातला. तेथे हिवाळ्यात इस्रायलची तरुण मुले-मुली येतात. हॉटेलांच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरे दिसतात. आपल्याला त्यांची ओळख एवढीच, की ही मुले मोठमोठ्याने बोलतात, मोटारसायकल जोरात हाकतात आणि भाड्यावरून घासाघीस करतात. त्यांतली बहुतेक एकवीस-बावीस वर्षांची का असतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. कारण असे, की त्या देशात अठरा वर्षे पुरी झाली की लष्करी सेवा सक्तीची. मुलांना अडीच-तीन वर्षे, मुलींना साधारण दोन. ती सेवा संपवायची, थोडे पैसे गाठीला बांधायचे आणि दूरच्या देशात काही महिने हिंडायचे, अशी तिथल्या तरुणांची रीतच पडली आहे. म्हणजे हरमलच्या वाळूत जी मुले आपण पाहतो, ती जिवंत परत आलेली मुले आहेत.

जी परत आली नाहीत त्यांच्यापैकी एकाबद्दल आज बोलायचे आहे.

त्याचे नाव हलेल सोलोमन. वय वीस. गाव दिमोना, दक्षिण इस्रायलच्या वाळवंटातले. गिवाती नावाच्या पायदळ ब्रिगेडमध्ये तो स्टाफ सार्जंट होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्तर गाझातील लढाईत तो ज्या चिलखती गाडीत होता तिच्यावर रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आदळले. तो आणि त्याच्याच वयाचे कित्येक साथीदार एकाच वेळी गेले. ‘दिमोनाचा पुत्र पडला,’ ही बातमी त्या शहराच्या महापौरांनी दिली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी ती आली ती ‘भारतीय वंशाचा सैनिक ठार’ अशा मथळ्याखाली. दोन दिवस बातमी चालली आणि मग विरून गेली.

हलेल या हिब्रू शब्दाचा अर्थ स्तुती. ज्यू लोक सणांच्या दिवशी देवाची जी स्तोत्रे एकत्र म्हणतात, त्या स्तोत्रांच्या समूहालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे मुलाचे नाव ‘कीर्तन’ ठेवावे, तसेच हे.

आता दिमोना कोठे आणि पेडणे कोठे, असे कोणी म्हणेल. तर दिमोना ही वसाहत १९५५ साली उभी राहिली, आणि पुढे तेथे जी माणसे नेऊन वसविली त्यांत भारतातून गेलेल्या ज्यूंचा मोठा भरणा होता. त्या शहराला गमतीने ‘छोटा भारत’ म्हणतात. तेथल्या दुकानांत पोहे, पापड आणि लोणची मिळतात आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींशी मराठीत बोलतात. ही मंडळी बहुतांश बेने इस्राएल. आणि बेने इस्राएल म्हणजे आपल्याच कोकणपट्टीची लेकरे.

त्यांची परंपरागत कथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली, आणि वाचलेले कोकणातच राहिले. त्यांच्यापाशी पोथी उरली नव्हती, गुरू नव्हता. उरला तो शनिवार. रायगडच्या गावांतून त्यांनी घाणे घातले, तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी मात्र घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. मित्रहो, शेकडो वर्षे दर आठवड्याला एक दिवसाची कमाई सोडणे म्हणजे काय, हे पोट हातावर असलेल्या माणसाला विचारावे. धर्मनिष्ठा म्हणतात ती हीच.

भाषा त्यांनी मराठी घेतली, आडनावे गावांवरून घेतली. केहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर. आपल्या पार्सेकर, मांद्रेकर, कोरगावकरांच्या पंगतीत ही मंडळी बसली तर वाढप्याला फरक कळणार नाही. जुन्या हिंदी चित्रपटांतले प्रेमळ ‘डेव्हिड’ आपल्या सर्वांना आठवतात. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हेही याच समाजाचे. वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

त्यांचा नवस-उत्सवाचा विधी आहे ‘मलिदा’. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि वर फळे असे ताट भरायचे आणि एलियाहू प्रेषिताच्या नावाने प्रार्थना करायची. हा प्रेषित अग्निरथातून आकाशात गेला, आणि जाताना त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकाला टेकला, अशी त्यांची श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणा आजही दाखवितात. आपला धर्म पाळायचा आणि आपल्या गावची मातीही पवित्र मानायची, या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मराठी कीर्तनाचा साचा घेऊन त्यात बायबलमधल्या पूर्वजांची आख्याने बसविली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा त्यांनी १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठीत छापली. इस्रायलात गेल्यावरही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले. आज तेथे भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत, आणि त्यांत बेने इस्राएल सर्वांत अधिक. मराठी ही एका धर्माची मिरास नाही, हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा आमच्यापाशी तरी नाही. मराठीच्या विरोधकांना तो जरूर ऐकवा. पण आपल्यातल्या ज्यांना मराठी म्हणजे फक्त आपल्याच देवळाची भाषा वाटते, त्यांना आधी ऐकवा.

आता सैनिकीपेशाकडे येऊ. बेने इस्राएल तलवारीला नवे नव्हते. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत पलटणी उभ्या केल्या तेव्हा ही कोकणी माणसे मोठ्या संख्येने भरती झाली आणि सुभेदारीपर्यंत चढली. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर यांची हकीकत प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुझी जात कोणती, असे विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. हे नाव कुराणात येते म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि प्राण वाचले, असे त्या समाजात सांगतात. सुटून आल्यावर दिवेकरांनी नवस फेडला. १७९६ साली मुंबईत त्यांनी पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानणारे पुष्कळ आहेत. तेथून गाडी पकडणाऱ्या लाखो चाकरमान्यांना एका कोकणी ज्यू सैनिकाच्या नवसाची ही आठवण ठाऊक नसते.

पुढे इंग्रजांनी पलटणी जातवार लावल्या. थोड्या लोकांच्या या समाजाची स्वतंत्र पलटण होईना, म्हणून सैन्यातली वाट अरुंद झाली. मग ही माणसे रेल्वेत, टपालात, शाळांत, इस्पितळांत आणि सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून शिरली. म्हणजे आमच्याच खुर्चीवर येऊन बसली. कारकुनाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना त्यांच्याविषयी जरा अधिक आपलेपणा वाटतो, याचे हे एक कारण.

येथवरची हकीकत गोड आहे. आता कडू सांगायचे आहे, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे.

१९४८ साली इस्रायल झाले. पुढच्या वर्षांत बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. ज्या भूमीचे नाव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तेथे जाण्याचा तो आनंद होता. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून ते गेले नाहीत. छळ येथे त्यांचा कधीच झाला नाही, आणि हे ते स्वतः जगभर सांगतात. पण तेथे गेल्यावर काही धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली. ही काळीसावळी, मराठी बोलणारी माणसे खरेच पूर्ण ज्यू आहेत का? यांच्या पूर्वजांची लग्ने, घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का? १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या, की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न इतर ज्यू कुटुंबात होणार असेल तर आधी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

विचार करा. ज्या समाजाने शेकडो वर्षे गुरूवाचून, पोथीवाचून शनिवार पाळला, त्याला विचारले गेले की तुम्ही खरे कोण? त्यांची मुले त्या देशाच्या सैन्यात सक्तीने घेतली जात होती. सीमेवर उभे करताना कोणी आजीचा दाखला मागत नव्हते. लग्नाच्या मांडवात मात्र मागत होते. बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. त्यांनी मोर्चे काढले आणि जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ साली तेथील संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत आणि त्यांना इतरांप्रमाणेच सर्व हक्क आहेत. मग धर्मपीठालाही त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या.

यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २०२३ साली, भारतीय वंशाचा वीस वर्षांचा एक मुलगा पडला आणि शहराचा महापौर म्हणाला, हा आमचा पुत्र. हे योग्यच झाले. पण ‘आमचा’ हा शब्द त्याच्या आजी-आजोबांच्या पिढीला जिवंतपणी सहजासहजी मिळाला नव्हता, एवढे आपण विसरू नये. पडलेल्या सैनिकाला आपला म्हणणे सोपे असते. तो भाडे मागत नाही, नोकरी मागत नाही, मुलगी मागत नाही. खरी परीक्षा असते ती जिवंत माणसाला आपला म्हणण्याची.

आता हीच फूटपट्टी घेऊन आपण आपल्या घरी येऊ.

पत्रादेवी आपल्या पेडण्यात. बांद्याकडून येताना सीमा ओलांडली की हुतात्मा स्मारक लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्याच्या सीमांत शिरले, आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली. पत्रादेवीला जे पडले त्यांत एक होता कर्नैलसिंग. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातील इसडू गावचा. त्याचे मूळ घर फाळणीत पाकिस्तानात गेले होते. तो शाळामास्तर होता, वय पंचविशीचे, आणि लग्न होऊन काही महिनेच झाले होते. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांनाही गोळी लागली, पण त्या वाचल्या. कर्नैलसिंग गेला.

त्या मुलाला कोकणी येत नव्हती, मराठी येत नव्हती. गोव्यात त्याचे घर नव्हते, बागायत नव्हती, नातलग नव्हते. आजच्या गोव्यातल्या चालू भाषेत बोलायचे तर तो ‘भायलो’. आणि ज्या ‘भायल्या’ने पेडण्याच्या मातीवर रक्त सांडले त्याला आपण दरवर्षी मानवंदना देतो. द्यायलाच हवी. पण मानवंदना देऊन परतताना वाटेत बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराला आपण काय म्हणून हाक मारतो? सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतून रोज कामाला येणाऱ्या मुलाला काय ऐकवतो? ते शब्द येथे उच्चारायची गरज नाही. सर्वांना माहीत आहेत.

आणि आपण मराठीवाले याच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत, हे लक्षात घ्या. ‘मराठी ही बाहेरची भाषा, मराठीवाले बाहेरचे,’ असे आपल्याला या राज्यात कित्येक वेळा ऐकवले गेले. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळचे ते दिवस येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असतील. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देवळांत भजन-कीर्तन मराठीत, घरातली पोथी मराठीत, दुकानाची कीर्दखतावणी मराठीत, आणि तरी दाखला मागितला गेला. ते आपल्याला बोचले. मग आपण दुसऱ्याकडे दाखला मागताना हात आखडायला नको का? बेने इस्राएलांची हकीकत आपल्या मेळाव्यात सांगायची ती यासाठी.

गोव्याच्या इतिहासात याचे एक भयंकर उदाहरणही आहे. पणजीच्या बागेला ज्याचे नाव आहे तो गार्सिया द ओर्ता १५३४ साली पोर्तुगालहून गोव्याला आला. तो वैद्य होता, ज्यू वंशाचा, वरवर ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि युरोपभर गाजला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला छुपी ज्यू म्हणून जाळले. आणि १५८० साली त्याचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली. मेल्यानंतर बारा वर्षांनी एका माणसाला विचारले गेले, की तू खरा कोण? आमच्या पेडणे-डिचोलीचे भाग्य एवढेच, की हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत, सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. तोवर त्या आगीचा जोर ओसरला होता. म्हणून आपली दैवते, आपली पोथी आणि आपली मराठी टिकली.

त्याच गोव्याच्या राजभवनात १९९८ साली राज्यपाल म्हणून एक ज्यू गृहस्थ राहायला आले, हाही काळाचा न्यायच. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. ते कलकत्त्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातले. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, तिची बोलणी करायला गेलेले तेच. फेब्रुवारी १९९९ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट आली तेव्हा काही महिने राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता. आपल्या सैन्यात ज्यू म्हणून त्यांना कधी वेगळे वागवले गेले नाही, असे ते सांगत. २०१६ साली ते दिल्लीत वारले. हा देश चांगला वागला तेव्हा किती चांगला वागला, याची ही खूण.

आता एका आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, गाझात काय चालले होते ते तुम्हाला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलात शिरून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो माणसे मारली गेली, आणि त्यांत लहान मुले फार होती. त्या युद्धाच्या बऱ्यावाईटावर या सभेतही एकमत होणार नाही, आणि आम्ही ते मागतही नाही. वीस वर्षांच्या मुलाचे स्मरण करणे म्हणजे त्याला ज्यांनी पाठविले त्यांच्या प्रत्येक निर्णयावर सही करणे नव्हे. गाझातल्या मुलाच्या आईच्या रडण्यात आणि दिमोनातल्या आईच्या रडण्यात फरक करणारा तराजू आमच्यापाशी नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्याचे मूळ आपल्या देशात आहे, ज्याच्या शहरात आपली भाषा बोलली जाते, त्याचे नाव निदान आपल्याला माहीत असावे.

दुसऱ्याचे सैनिक लक्षात ठेवणे म्हणजे काय, हे इस्रायलमधल्या हैफा शहराकडून शिकण्यासारखे आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने, हातात भाले घेऊन, मशीनगनच्या माऱ्यात घुसून ते शहर तुर्कांकडून जिंकले. त्या हल्ल्यात मेजर दलपतसिंग पडले. ते लढले इंग्रजांच्या युद्धात, इंग्रजांच्या हुकमाने. हैफावाले त्यावर वाद घालू शकले असते. त्यांनी दलपतसिंगांना ‘हैफाचा वीर’ म्हटले, आणि भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत आजही तेथे फुले वाहिली जातात. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला २०१८ साली हैफाचे नाव जोडले गेले ते त्यांच्याच आठवणीसाठी.

मग स्मरण करावे तरी कसे? येथेही बेने इस्राएलांकडून आणि एकूण ज्यूंकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. त्यांच्यात मृतासाठी ‘कद्दिश’ नावाची प्रार्थना म्हणतात. ती एकट्याने म्हणता येत नाही. किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. म्हणजे दुःख घरातले असले तरी शेजार जमल्याशिवाय विधी पुरा होत नाही. आणि नवल असे, की त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. आहे ती देवाची स्तुती. दुसरी गोष्ट, दरवर्षी त्या तिथीला घरात एक दिवा लावतात आणि तो पुरता दिवसभर जळू देतात. पुतळा नाही, ढोल नाही, राजकारण्यांची भाषणे नाहीत. दहा माणसे, एक दिवा आणि एक नाव.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. आम्हाला नावाचे महत्त्व दुसऱ्या कोणी समजावायला नको. नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतनवाल्यांचे हयातीचे दाखले सुरू होतात. सैनिकांच्या विधवा येतात, स्वातंत्र्यसैनिकांच्या म्हाताऱ्या पत्नी येत असत, त्यांतल्या आता फार थोड्या उरल्या. प्रत्येकीला आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. कायदा आहे, त्याला इलाज नाही. पण आमच्या काउंटरवर एक गोष्ट आम्ही पाहत आलो आहोत. अर्ज भरताना नवऱ्याचे नाव पुरे आणि शुद्ध लिहिले गेले, की त्या बाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. आणि नावात एक अक्षर चुकले तर रक्कम तीच मिळणार असूनही ती बाई अस्वस्थ होते. पैशाची नोंद आणि माणसाची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला आमच्याहून चांगले कळते.

म्हणून या मेळाव्यापुढे आमच्या चार साध्या सूचना आहेत. एकीलाही सरकारी मंजुरी लागत नाही.

पहिली. पत्रादेवीला जाताना हुतात्म्यांना नुसते ‘अज्ञात-ज्ञात वीर’ म्हणून एकगठ्ठा नमस्कार करू नये. ज्यांची नावे ठाऊक आहेत ती एकेक करून मोठ्याने वाचावीत. नाव, गाव, वय. कर्नैलसिंग, इसडू, पंचविशी. एवढे ऐकले की शाळेतल्या मुलाला कळते, की हा आपल्या मोठ्या भावाएवढा होता.

दुसरी. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून सैन्यात, निमलष्करी दलांत गेलेले आणि परत न आलेले जे कोणी असतील, त्यांची गाववार वही आपल्या शाखांनी करावी. धर्म, जात, मातृभाषा असे रकाने त्या वहीत नकोत. चार रकाने पुरे आहेत: नाव, गाव, जन्म, मृत्यू.

तिसरी. त्या घरांतल्या हयात माणसांची कागदपत्रे नीट आहेत का, हे पाहावे. वारसाची नोंद, आधार आणि पासबुकातले नाव सारखे असणे, दाखला वेळेवर जाणे, ही कामे कोणी तरुणाने बरोबर जाऊन करून द्यावीत. बँकेतले सभासद यासाठी सुटीच्या दिवशी बसायला तयार आहेत. आमच्या मते पुष्पचक्रापेक्षा हे स्मरण अधिक टिकाऊ.

चौथी सूचना सर्वांत कठीण. आपल्या संस्थेत, आपल्या वाड्यावर, आपल्या दुकानात यापुढे कोणा कष्टकऱ्याला ‘तू मूळचा कुठला’ हा प्रश्न हिणविण्यासाठी विचारू नये. ओळखीसाठी जरूर विचारावा. कोकणात तो प्रेमाने विचारायचा प्रश्न आहे. गाव कळले की नाते जुळते, म्हणून तर आपली आणि बेने इस्राएलांची आडनावे गावावरून आली. तोच प्रश्न दाराला कडी घालण्यासाठी वापरणे हा कोकणाचा स्वभाव नव्हे. नवगावला फुटलेल्या गलबतातली माणसे ओल्या अंगाने वर आली तेव्हा त्या गावाने त्यांना दाखला मागितला असता, तर केहीमकर, दिवेकर, चेऊलकर झाले नसते.

आता सुरुवातीचा प्रश्न. मराठीच्या मेळाव्यात ज्यू सैनिकाचे स्मरण कशाला? उत्तर एवढेच, की हलेल सोलोमनच्या समाजाला जिवंतपणी ‘आपला’ हा शब्द मिळवायला धरणे धरावे लागले, आणि कर्नैलसिंगाला तो आपण मेल्यावर दिला. तिसऱ्या कोणाला तरी तो जिवंत असताना, मागण्यापूर्वी द्यावा. हरमलला, मोपाच्या वाटेवर, डिचोलीच्या बाजारात तशी माणसे रोज भेटतात.

आता आपण दोन मिनिटे उभे राहू. आधी पत्रादेवीच्या हुतात्म्यांची नावे वाचली जातील आणि शेवटी एक नाव दिमोनाचे. दहा माणसे लागतात म्हणतात. येथे त्याहून पुष्कळ जास्त आहेत.

जय हिंद.